कलरआत्याचं आभाळ

आमच्या घरात सकाळचं पहिलं खाणं प्रिंटरला मिळायचं, मग माणसांना चहा. कलरआत्या उठली, तोंड धुतलं की टेबलावरच्या प्रिंटरवरचा कपडा काढायची, एक कागद आत सरकवायची आणि बटण दाबून समोर उभी राहायची. यंत्र घसा साफ केल्यासारखं दोनतीनदा खाकरायचं, आतल्या आत इकडून तिकडे धावायचं, आणि मग कागदावर तळहाताएवढी आभाळाची पट्टी उतरायला लागायची. वर निळं, खाली येता येता जरा तांबूस, आणि अगदी तळाशी पिवळ्याची बारीक रेघ. तिन्ही शाया रोज थोड्या थोड्या वाहत्या राहाव्यात म्हणून हे चित्र तिनंच कॉम्प्युटरवर काढलं होतं. रोज छापलं नाही तर शाई आत वाळते आणि यंत्राचं तोंड बुजतं, हे तिला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. "माणसाचंही तसंच," ती म्हणायची. "रोज थोडं बोललं नाही तर वाळतं." मग माझ्याकडे बघून, "तुझी काळजी नाही."

या खाण्यासाठी ती कोरा कागद वापरत नसे. माझी पत्रकं वापरायची. मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते आणि पाणीकपातीपासून बसच्या भाड्यापर्यंत दिसेल त्या अन्यायावर पत्रक काढत होते. अन्याय पुष्कळ होते आणि पत्रकं नेहमी उरायची. त्यांची मागची बाजू कोरी. तिथं आत्याचं आभाळ बसायचं. घाईत कितीतरी वेळा मी तीच पत्रकं उचलून वाटून टाकली. नंतर त्या घरांत गेलं की दिसायचं, पत्रक भिंतीला चिकटवलेलं असायचं, पण माझी बाजू भिंतीकडे. मला तो तेव्हा चळवळीचा अपमान वाटायचा.

आम्ही खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. पप्पा कारखान्यात, आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे ही आत्या, तीही कारखान्यात. तिचं काम पेट्यांवर आकडे उमटवायचं. पत्र्याचा साचा पेटीवर धरायचा, काळा रंग फासायचा, साचा उचलायचा, पुढची पेटी. सगळी नोकरी काळ्या रंगात गेली. ती निवृत्त झाली तेव्हा तिकडे हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आमच्या क्वार्टर्समधली पोरं इस्त्रीचे शर्ट घालून कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहायला लागली होती, आणि वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती यायच्या: आता रंगीत छपाई घरच्या घरी. त्या पोरांपैकी एकानं आपला जुना कॉम्प्युटर आत्याला दिला. प्रिंटर तिनं स्वतः आणला, दुकानातला सगळ्यात स्वस्त, वरचं झाकण उघडून फोटो ठेवला की तो कॉम्प्युटरमध्ये घेणारा. पप्पांनी कारण विचारलं. "काळं पुष्कळ केलं," ती म्हणाली, आणि विषय संपला.

आमच्याकडे शाईच्या डबीला कार्ट्रिज कुणी म्हणालं नाही. काडतूसच. पहिलं काडतूस संपलं तेव्हा पप्पांनी गंभीरपणे विचारलं, "रिकामं कुठे जमा करायचं?"

"कुठेच नाही. कचऱ्यात."

"आणि नोंद कोण ठेवतं?"

"कुणी नाही."

पप्पांनी बराच वेळ मान हलवली. "म्हणूनच एवढं महाग," ते म्हणाले.

इथे मला स्पष्ट लिहू द्या. प्रिंटर स्वस्त होता कारण तो आमिष होता. खरा धंदा शाईचा. दोनदा काडतुसं घेतली की नवा प्रिंटर येईल, हे दुकानदारच हसत सांगायचा. तिन्ही रंग एकाच डबीत कोंबलेले. एक संपला की उरलेले दोन जिवंतपणी फेकायचे. आणि रंग संपला म्हणून यंत्र काळंही छापायला नकार द्यायचं. काळ्याची डबी वेगळी, भरलेली, तरीही नकार. एका घरात धाकट्याला ताप आला म्हणून थोरल्याला उपाशी ठेवतात का? याला साध्या मराठीत लूट म्हणतात, आणि मी तसं पत्रक काढलं होतं. आत्यानं त्याच्या मागे आभाळ छापलं.

तिला कलरआत्या हे नाव पडलं ते फोटोंमुळे. आमच्या क्वार्टर्समधल्या घरांत जुने फोटो थोडे, आणि असतील ते काळेपांढरे. कुणाची आई, कुणाचा आजा, गावाकडून मुंबईला जाताना स्टुडिओत उभं राहून काढलेला एखादा जोडफोटो. आत्या तो फोटो कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि समोरच्या माणसाला खुर्चीवर बसवून एकच प्रश्न विचारायची. "रंग कुठला होता?"

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नव्हता. गायकवाडकाका म्हणजे पप्पांच्या शिफ्टचे फोरमन, आवाजानं पत्रा वाकवणारा माणूस. आईचा फोटो घेऊन आले आणि झटकन म्हणाले, "हिरवं लुगडं."

"कसलं हिरवं?"

"हिरवं म्हणजे हिरवं."

"काका, हिरवे पुष्कळ आहेत. आठवा. घाई नाही."

आत्या चहा करायला उठून जायची. ती तिची रीतच होती, माणसाला रंगाबरोबर एकटं सोडायची. दुपारची वेळ, पंखा हळू फिरतोय, खिडकीतून लांबवर लोकलची शिटी, आणि पडद्यावर एक करडी बाई करड्या लुगड्यात उभी. काका खुर्चीत बसल्या बसल्या कुठेतरी निघून गेले. चहा आला, निवला. मग ते अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "ती चिंचेखाली वाकून चिंचा वेचायची. तेव्हा झाडाचं कोवळं पान आणि तिचा पदर, वेगळं कळायचं नाही."

"आता बोललात," आत्या म्हणाली आणि रंग भरायला बसली.

ती फक्त कापडाला रंग लावायची. चेहरे, हात, पाय तसेच करडे ठेवायची. छापून आलं की वाटायचं, माणूस धुक्यातच राहिलाय आणि त्याचं लुगडं तेवढं चालत आपल्यापर्यंत आलंय. मी एकदा विचारलं, चेहऱ्याला का नाही? "चेहऱ्याचा रंग बघणारे पुष्कळ झाले," ती म्हणाली. "आपण कापडाचा बघू." माझ्या कुठल्याच पत्रकात मला इतकं थोडक्यात लिहिता आलेलं नाही.

एकदा सोनवणेमावशी आणि त्यांचा भाऊ आईच्या साडीवरून भांडले. मावशी म्हणायच्या, तांबडी. भाऊ म्हणायचा, तपकिरी. आवाज चढले, जुनी प्रकरणं निघाली, शेवटच्या आजारपणात कोण किती वेळा आलं इथपर्यंत गोष्ट गेली. आत्यानं दोन फोटो छापले, एक तांबडा, एक तपकिरी, आणि दोघांच्या हातात एकेक ठेवला. "दोघांची आई एक असली तरी दोघांनी पाहिलेली वेगळी असते," ती म्हणाली. "भांडण घरी जाऊन करा. शाई ओली आहे."

एक फोटो मात्र ती छापत नसे. माझ्या आईचा.

आई गेली तेव्हा मी चालायलाही लागले नव्हते. मला वाढवलं ते आत्यानं. आईचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला, कुंडीशेजारी उभी, हात कुठे ठेवावा हे न कळलेली. तो आत्यानं सगळ्यात आधी कॉम्प्युटरमध्ये घेऊन ठेवला होता. साडी निळी होती, एवढं ती सांगायची. जयंतीच्या मिरवणुकीसाठी दोघी नणंदभावजयांनी एकाच ताग्यातून घेतलेली. मला तो फोटो हवा होता. जगातल्या सगळ्या गोष्टींवर मी हक्कानं मागणी करायचे, पण ही मागणी करताना माझा आवाज बारीक व्हायचा. आत्या दर वेळी नमुना छापायची, उजेडात धरायची आणि बाजूला ठेवायची. "फिकं आहे. तो निळा असा नव्हता."

"मग वाढव की निळा."

"वाढवते आहे. यंत्रातच येत नाही."

ती निळा वाढवत गेली. आईच्या नमुन्यात, रोजच्या आभाळात, लोकांच्या फोटोंत. आमच्याकडे निळा सांगणारी माणसं तशीही जास्त. काडतुसातला निळा सगळ्यांत आधी संपायला लागला आणि पिवळा-तांबडा फेकावा लागायचा तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला स्वतःला ते छापलेलं निळं चांगलं गडद दिसायचं, हेही सांगते. पण ज्या बाईनं मला रंगांची नावं शिकवली ती फिकं म्हणते म्हणजे ते फिकं. माझे डोळे चुकत असतील. निष्कर्ष उघड होता: कंपनी निळ्या शाईत पाणी घालत होती.

मी पत्रक काढलं आणि शिष्टमंडळ नेलं. शिष्टमंडळ म्हणजे मी, आत्या आणि सोनवणेमावशी. शनिवार पेठेत त्या कंपनीचे प्रिंटर दुरुस्त करणारं दुकान होतं. एक जिना, त्याखाली एक गृहस्थ, आणि त्यांच्यामागे फळ्यांवर ओळीनं आजारी प्रिंटर. गृहस्थांनी चष्म्यावरून पत्रक वाचलं, सावकाश, मोठ्यानं. "'जनतेचा निळा रंग पळवला जात आहे.' हे आपण लिहिलंत?"

"हो."

"छापलंत कुठे?"

"आमच्याच प्रिंटरवर."

"मग चालतोय की तो."

मी त्यांना ग्राहकाचे हक्क समजावून सांगितले. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही, पण ऐकत होते असंही म्हणवत नाही. आम्ही नेलेलं काडतूस त्यांनी आपल्या यंत्रात घातलं आणि निळ्याचा एक चौकोन छापून आमच्यासमोर ठेवला. "हा निळा. काय म्हणणं आहे?"

मी बघितलं. मावशींनी बघितलं. आम्ही दोघींनी आत्याकडे बघितलं.

"फिकं आहे," आत्या म्हणाली.

"फिकं आहे," मी जाहीर केलं.

गृहस्थ आत्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "आपण डोळे कधी दाखवलेत?"

यानंतर मी जे बोलले ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं, असं मावशी अजून अभिमानानं सांगतात. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, "झालं आपलं?" असं विचारलं आणि आमच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. पुण्यात टोमणा मारायचा आणि खरं सांगायचं, दोन्हीसाठी आवाज एकच वापरतात. मला त्यातला फरक कळला नाही. परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली होती. नदीवरून बस गेली तेव्हा ती पाण्याकडे बघत म्हणाली, "वाईट नव्हता तो माणूस."

एका सकाळी आभाळाची पट्टी हातात घेऊन तिनं विचारलं, "निळं संपलं का गं? आलंच नाही." पट्टीवर निळं होतं, शाळेच्या नव्या दप्तरासारखं भडक. मी आणि पप्पांनी एकमेकांकडे बघितलं. पप्पा एवढंच म्हणाले, "त्या शनिवार पेठेतल्या माणसाचं ऐकायला हरकत नव्हती."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांत हळूहळू चढलाय, त्यांना कळणार कसं? पिवळी काच लावून जग बघतायत त्या. निळं त्या काचेतून पलीकडे जातच नाही.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती क्वार्टर्सच्या मोकळ्या मैदानात जाऊन उभी राहिली. मी शेजारी. ती एक डोळा हातानं झाकायची, मग तो उघडून दुसरा झाकायची. पाण्याची टाकी, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या, वरचं आभाळ, सगळं दोनदोनदा बघितलं. "या डोळ्यानं बघितलं की निळं," ती म्हणाली, "आणि त्या डोळ्यानं बघितलं की चहा." मग बराच वेळ नुसत्या नव्या डोळ्यानं वर बघत राहिली. "हे असंच होतं का इतके दिवस? आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

घरी आल्यावर तिनं आपली जुनी आभाळं काढली. एकेक उजेडात धरून बघितलं. चप्पल घातली आणि एकेका घरात जाऊन भिंतीवरचे फोटो बघून आली. जिथं तिथं निळं सांडलेलं. एवढ्या निळ्या साड्या कुठल्याच गिरणीत कधी निघाल्या नसतील. तिनं प्रत्येक घरी सांगितलं, माझी चूक झाली, फोटो द्या, बरोबर करून देते. कुणी देईना. गायकवाडकाकांच्या आईचं लुगडं आता मोराच्या मानेसारखं होतं. ते म्हणाले, "आता बदललीस तर मी ओळखणार नाही तिला." सोनवणेमावशींच्या आईची तांबडी साडी जांभळी झालेली, तरी त्यांनी फोटोसमोर हातच आडवा धरला. "तुझी चूक आमच्याकडे राहू दे. तुला काय त्रास होतोय?"

म्हणजे निळ्याच्या बाबतीत कंपनी बरोबर होती. बाकी सगळ्याच्या बाबतीत ती चूकच होती आणि ते पत्रक मी मागे घेतलेलं नाही.

मला वाटलं, आता आईचा फोटो होणार. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, आणि आत्या आईला पडद्यावर घेऊन बसली. एक निळा भरला, पुसला. दुसरा भरला, पुसला. दुपारी मी घरी यावं तर ही तशीच बसलेली, चहा निवलेला. ज्या खुर्चीवर ती लोकांना बसवायची त्याच खुर्चीवर. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता सापडत नाही गं. तो निळा मी त्या डोळ्यांत ठेवलेला होता. त्यांनी तोच काढून घेतला."

विरोध करायला समोर कुणी नव्हतं.

"तू सांग," ती म्हणाली.

"मी कुठे पाहिलंय तिला?"

"म्हणून तर तू सांग. तुला ती कशी दिसते ते सांग. घाई नाही." आणि ती उठून चहा करायला गेली. मी त्या खुर्चीवर बसले. आई समोर उभी होती, करडी, हात कुठे ठेवायचा हे न कळलेली. प्रत्येक प्रश्नावर उत्तर तयार असणारी मी, मला एक रंग सांगता येईना. चहा निवला. आत्यानं कप उचलला, विसळला. पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त रोज सकाळी पट्टी छापताना माझ्याकडे एकदा बघायची, आणि आता खऱ्या आभाळाकडेही एकदा बघायची.

त्या हिवाळ्यात ती गेली. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि सगळं इतकं चटकन संपलं की कुणावर आरोपही करता आला नाही. पुण्यानुमोदनाला क्वार्टर्समधली सगळी घरं आली. प्रार्थना झाल्यावर एकेक जण प्रिंटरवरून हात फिरवून गेला, वासरावरून फिरवावा तसा.

दुसऱ्या सकाळी मी उठले, कपडा काढला, उरलेलं एक पत्रक पालथं करून आत सरकवलं आणि बटण दाबलं. मग रोजच. पप्पा आतून ऐकायचे. यंत्र खाकरलं की ते उठायचे.

पुढे कंपनीनं ते मॉडेल बंद केलं आणि त्याची काडतुसंही बंद केली. चालतं यंत्र भंगारात काढायचा हा परवाना यांना कुणी दिला, हा प्रश्न मी जाहीरपणे विचारला आहे, उत्तर आलेलं नाही. सगळी दुकानं पालथी घालून एक डबी मिळाली. शेवटची. ती जपून वापरली, फक्त पट्टीपुरती, तरी एक दिवस पडद्यावर सूचना आली की शाई संपत आली आहे.

त्या दुपारी मी आईला पडद्यावर घेतलं आणि खुर्चीवर बसले. चहा करून देणारं कुणी नव्हतं, मीच करून आणला आणि निवू दिला. लांब लोकल गेली. मला आई आठवणं शक्य नव्हतं, पण निळा म्हटल्यावर एक बाई दिसायची. सकाळच्या उजेडात उभी, हातात कागद, डोळे बारीक करून म्हणणारी, फिकं आहे. आत्यानं वाढवत वाढवत नेलेला तो निळा कॉम्प्युटरच्या रंगांच्या खान्यात अजून तसाच होता. भडक, चुकीचा, कुठल्याच गिरणीत न निघालेला. मी तो आईच्या साडीत भरला आणि छाप म्हटलं.

कागद ओळीओळीनं बाहेर येत गेला. करडे केस, करडं कपाळ, करडा चेहरा. मग खांदा, आणि खांद्यावरून निळा असा उतरला की मी खुर्चीवरून उठून यंत्राशी गेले. पदर पूर्ण आला. कमरेपाशी एक पांढुरकी रेघ उमटली, मग दोन. निऱ्यांपर्यंत पोचता पोचता शाई थकत गेली आणि पावलांपाशी साडी जेमतेम निळी राहिली. मी फोटो उजेडात धरला. "खाली फिकं आहे," मी म्हणाले. तोच आता भिंतीवर आहे.

दुसऱ्या सकाळी सवयीनं उठले. निळं संपलेलं मला माहीत होतं, तरी यंत्राला उपाशी ठेवायचं जिवावर आलं. पत्रक पालथं करून आत सरकवलं. त्याच्या हिशेबात निळं अजून थेंबभर उरलं असावं; नकार न देता ते खाकरलं, धावलं, आणि पट्टी बाहेर आली. निळं कुठेच नव्हतं. जे दोन रंग आम्ही दर वेळी जिवंतपणी फेकत आलो तेवढेच उरले होते. वर सगळी गुलाबी, आणि अगदी तळाशी पिवळ्याची बारीक रेघ.

पप्पा दारात आले. पट्टी हातात घेऊन त्यांनी खिडकीसमोर धरली. बाहेर नुकतं उजाडत होतं.

"बरोबर आलंय," ते म्हणाले.